आरशासारखा फिलेट

अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कार्यशाळेत मी निदेशक आहे. मुलांच्या रॉकेट संघाचे बरेचसे काम मी त्यांच्यावर सोडतो, पण फिनच्या, म्हणजे रॉकेटच्या शेपटाकडच्या पंखांच्या, मुळाशी इपॉक्सीचा गोलसर भराव, म्हणजे फिलेट, घालताना मात्र माझा हात मध्ये येतोच. गेल्या एप्रिलमध्येही तो आला.

रॉकेटची नळी ५४ मिलिमीटर व्यासाची, गुळगुळीत कागदी आवरण असलेल्या पुठ्ठ्याची होती आणि तीन फिन ३ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचे होते. फिनचे मूळ ९० मिलिमीटर लांब असल्याने ६ मिलिमीटर त्रिज्या पुरेशी होती, म्हणून कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना तेवढ्याच अंतरावर मास्किंग टेप लावली. इपॉक्सीचे दोन घटक, रेझिन आणि हार्डनर, काट्यावर तोलून सावकाश ढवळले. कपात गोळा करून ठेवलेले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापून अकाली घट्ट होते, म्हणून ते लगेच पसरट झाकणात ओतले आणि श्रीखंडासारखे होईपर्यंत त्यात मायक्रोबलूनची, म्हणजे अतिसूक्ष्म पोकळ गोळ्यांची, भुकटी मिसळली. मग १२ मिलिमीटरचा गोल दांडा एकाच दमात टोकापर्यंत ओढला, हातमोज्याचे बोट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओले करून त्यावरून फिरवले आणि मिश्रण मऊ असतानाच टेप काढली. टेप लवकर निघाली तर कड ओघळते आणि उशीर झाला तर फाटते. ही वेळ घड्याळ पाहून कळत नाही. एका वेळी दोनच कोपरे भरत असल्याने सहा फिलेटना तीन दिवस लागले.

परीक्षकांनी फिनिशला भरघोस गुण दिले. चकाकीखाली काय आहे, हे कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

उड्डाण चांगले झाले, पण पॅराशूट असूनही रॉकेट कडक मुरमावर जरा जोरात उतरले आणि दोन फिन आपटले. एकाचे प्लायवुड मध्येच मोडले, पण सांधा तसाच राहिला. दुसरा मात्र दोन्ही फिलेटसकट सोलून निघाला. फिलेटला कुठेही तडा नव्हता. त्याच्या पाठीला नळीचा गुळगुळीत कागद साल चिकटावी तसा अखंड चिकटलेला होता. इपॉक्सीने कागद घट्ट धरला होता, कागदाने पुठ्ठा सोडला होता.

तिथेच मला आठवले, की कामाला लागण्यापूर्वी संघातल्या एका मुलाने पहिल्या फिनची जागा सँडपेपरने घासून पुठ्ठ्याचा तपकिरी रंग उघडा केला होता आणि विचारले होते, "सर, बाकीच्या दोन्हीही घासू ना?" रंग द्यायचा नव्हता आणि फिलेटच्या कडेबाहेर ओरखडे दिसले असते, म्हणून मी त्याला थांबवले होते. शाबूत राहिलेला सांधा त्याने घासलेल्या जागेवरचा होता.

मैदानावर त्याने तो सुटलेला फिन उचलून माझ्या हातात दिला आणि काहीच बोलला नाही. कागद चिकटलेली बाजू वर धरून त्याने तो दिला होता.