रिचमंडच्या थिएटरची जागा

वॉशिंग्टनहून गाडीनं अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याची राजधानी रिचमंड इथल्या मेन स्ट्रीट स्टेशनात उतरलं की घड्याळाचा मनोरा दिसतो आणि त्याला जवळजवळ खेटून गेलेला महामार्गाचा पूल. हा भाग शॉको बॉटम. यादवी युद्धापर्यंत इथे गुलामांचा मोठा बाजार भरायचा. मला इथून चढ चढून ब्रॉड स्ट्रीटवर जायचं होतं. तिथे आता मॉन्युमेंटल चर्च आहे. १८११ साली त्या जागी नाटकाचं थिएटर होतं, ते त्याच साली आगीत जळालं.

अलीकडे मला जुन्या अमेरिकन नाटकांची हस्तपत्रकं बघायचं वेड लागलंय. तिकडच्या ग्रंथालयांनी ढिगानं स्कॅन करून ठेवली आहेत. लांबट, अरुंद, स्वस्तातला कागद. वर थिएटरचं नाव, खाली नाटकाचं, मग कोण कुठल्या भूमिकेत त्याची यादी, आणि तळाशी बॉक्स (सज्जातल्या महाग जागा), पिट (रंगमंचासमोरचा खालचा भाग), गॅलरी (सगळ्यात वरचा स्वस्त सज्जा) यांचे दर. रविवारच्या पेपरात आपल्याकडे नाटकांच्या जाहिरातींचं पान असतं ना, तसाच मामला: नट जितका चालणारा, तितका टाइप जाड. १८२७ साली न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सनं यंत्रावर लाकडी टाइप कापायची युक्ती काढली आणि मग तर अक्षरांना धरबंदच राहिला नाही.

एका नाटकावर तेव्हा प्रेक्षकांचं भागत नसे. आधी पाच अंकी नाटक, मध्ये गाणी आणि नाच, शेवटी फार्स किंवा मूकनाट्य. ‘हॅम्लेट’मधलं डेन्मार्कचं अख्खं राजघराणं रंगमंचावर मरून पडल्यावर थोड्याच वेळात तेच लोक पोट धरून हसत. गॅलरीवाले खालच्यांवर सफरचंदं आणि जिंजरब्रेड फेकत, हे न्यूयॉर्कच्या पार्क थिएटरबद्दल वॉशिंग्टन आयर्विंगनं लिहून ठेवलंय.

पण या पत्रकांवर माझी नजर अडकते ती ‘बेनिफिट’वर. नटांचे पगार तुटपुंजे. हंगाम संपत आला की एकेकाच्या नावानं एक रात्र लागायची. थिएटरचा खर्च वजा जाता त्या रात्रीचा गल्ला त्याचा. साहजिकच ज्याची रात्र, तो पत्रकात जमेल तेवढं कोंबायचा: नवं नाटक, कधी न पाहिलेला देखावा, मुलीचा नाच. थिएटर खच्चून भरलं पाहिजे, एवढंच.

२६ डिसेंबर १८११ ला रिचमंडमध्ये नाटक कंपनीचे चालक प्लासिड यांचा बेनिफिट होता. नाताळचा दुसरा दिवस, शहरात विधिमंडळ भरलेलं. आधी फ्रेंच लेखक दिदरोच्या नाटकावर बेतलेलं ‘द फादर’, मध्ये गाणी-नाच, मग ‘रेमंड अँड ॲग्नेस, ऑर द ब्लीडिंग नन’ हे भुताटकीचं मूकनाट्य. प्रेक्षक सुमारे ६००. मूकनाट्याचा पहिला अंक झाल्यावर एका पोऱ्याला झुंबर वर ओढायला सांगितलं. त्यातली एक वात पेटलेलीच होती. दोऱ्यांचा गुंता झाला, झुंबर हेलकावलं आणि ज्योत रंगवलेल्या पडद्याला लागली. पडद्यांवरून आग छपराला भिडली. छप्पर पाइनच्या लाकडाचं.

७२ माणसं गेली. त्यांत व्हर्जिनियाचे नुकतेच झालेले गव्हर्नर जॉर्ज विल्यम स्मिथ होते, आणि बायकाच जास्त. मृतांतले बहुतेक बॉक्समधले, म्हणजे भारी तिकिटवाले. त्यांना उतरायला एकच अरुंद, वळणाचा जिना. पिटवाले दाराजवळ होते, ते निसटले. गॅलरीत कृष्णवर्णीय बसत, गुलाम आणि स्वतंत्र दोन्ही. त्यांनी प्रतिष्ठितांच्या वाटेत येऊ नये म्हणून त्यांचा जिना वेगळा ठेवलेला, आणि त्याच जिन्यानं बहुतेक जण वाचले. गिल्बर्ट हंट नावाच्या गुलाम लोहारानं खिडकीखाली उभं राहून, वरून डॉक्टर मॅकॉ सोडत होते त्या डझनभर बायकांना झेललं. पुढे डॉक्टरलाही ओढून काढलं. या हंटला स्वतःची सुटका १८२९ साली स्वतःच्या कमाईतून विकत घ्यावी लागली. हे वाचल्यापासून माझ्या मनात रिचमंडच्या त्या प्रतिष्ठितांविषयी फारशी माया उरलेली नाही.

चर्च बंद होतं. नेहमीची उपासना तिथे केव्हाच थांबलीय. वास्तुकार रॉबर्ट मिल्सनं १८१४ साली पुरं केलेली ही अष्टकोनी इमारत आता हॉस्पिटलच्या उंच इमारतींत अडकलीय. ओसरीत स्मारक आहे, त्यावर मृतांची नावं. सगळ्यांचे अवशेष खाली तळघरात एकत्र पुरलेत. मी नावं वाचत होते तेव्हा मागच्या फुटपाथवरून निळ्या कपड्यांतली नर्समंडळी कॉफीचे पेले घेऊन लगबगीनं चालली होती.

तिथून पुढे चर्च हिलवर सेंट जॉन्स चर्चच्या दफनभूमीत गेले. एलिझा पो इथे आहे, एडगर ॲलन पोची आई, याच कंपनीतली नटी. २९ नोव्हेंबरला तिचाही बेनिफिट झाला होता. ती अंथरुणाला खिळलेली, भोवती मुलं, आणि मदतीची ही याचना कदाचित अखेरचीच, असं त्या जाहिरातीत सरळ लिहिलं होतं. ८ डिसेंबरला ती गेली, आगीच्या अठरा दिवस आधी. एडगर तेव्हा तीन वर्षांचाही नव्हता.

आगीनंतर नगरपालिकेनं चार महिने खेळ-तमाशे बंद ठेवले. धर्मोपदेशकांनी थिएटरलाच दोषी धरलं. पण १८१९ पर्यंत नवं थिएटर उभं राहिलं आणि १८२१ च्या जुलैत लंडनहून आलेला नट ज्युनियस ब्रूटस बूथ अमेरिकेत प्रथम उभा राहिला तो इथेच, तिसऱ्या रिचर्डच्या भूमिकेत. त्याचा मुलगा जॉन विल्क्सही पुढे रिचमंडच्या कंपनीत कामं करायचा. १४ एप्रिल १८६५ ला त्यानं वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरात लिंकनवर गोळी झाडली, त्या रात्रीच्या पत्रकावरही बेनिफिटच छापलेला आहे, लॉरा कीन या नटीचा. त्या पत्रकाच्या बनावट प्रती नंतर इतक्या निघाल्या की खरी ओळखायला संग्राहक आजही भिंग घेऊन बसतात.