तुम्ही विचारलंत म्हणून: धाग्यांचा नकाशा मी का बंद केला

"टीचर, तो धाग्यांचा नकाशा का हो बंद केलात?" गेली पाच-सहा वर्षं हा प्रश्न ऐकतेय. जुने विद्यार्थी बाजारात भेटले की विचारतात, पालक विचारतात, आणि दुसऱ्या शाळांतल्या भूगोलाच्या टीचर तर फोन करून वर्कशीट मागतात, वर म्हणतात इतका छान उपक्रम, कंटाळलात का. दरवेळी मी "पोर्शन पुरा होत नाही" असं सांगून सुटते. ते कारण खरं नाही, म्हणून आज एकदाच नीट लिहून टाकते.

ज्यांनी तो बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सातवीला आखाती देशांचं युनिट मी तीन आठवडे घ्यायचे. भिंतीवर मोठा नकाशा, आणि ज्याच्या घरचं माणूस जिथे कामाला असेल तिथे त्याने पिन टोचून गोव्यातल्या आपल्या डिचोलीपासून लाल धागा बांधायचा. सोबत वर्कशीट. त्यातला प्रश्न ४ असा होता: शेवटचा फोन कधी आला, आणि तेव्हा तिथे किती वाजले होते?

तीन आठवडे जास्त आहेत हे मला स्टाफरूममध्ये भरपूर ऐकवून झालंय. पण २०१२ ला गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी बंद पडल्या, मग थोड्या सुरू झाल्या, २०१८ ला परत बंद. ज्यांच्या दारात ट्रक उभे राहिले आणि बँकेचे हप्ते मात्र चालूच, ती माणसं गेली कुठे? गल्फात. माझ्या वर्गात अकरा-बारा मुलं अशी होती की ज्यांच्या घरी दोन घड्याळांचा हिशेब चालायचा. आणि पुस्तकात काय, तर वाळवंट, उंट, खजूर, खनिज तेल. चार शब्द पाठ केले की झालं आखात! हे मला तेव्हाही सहन व्हायचं नाही, आताही होत नाही.

आखात आपल्याला किती जवळचं आहे हे आपल्यालाच माहीत नसतं. आपल्या अंगावर येतो तोच नैऋत्य मोसमी वारा ओमानमधल्या सलालाच्या डोंगरांवर जून ते सप्टेंबर धुकं आणि भुरभुर पाऊस आणतो, त्याला ते लोक खरीफ म्हणतात, डोंगर हिरवेगार होतात, तिथे माड आहेत, केळी आहेत, पपया आहेत. सलाला १७ अंशावर, आपण साडेपंधरावर. मग आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि तिथे नुसतं भुरभुर असं का? कारण वारा तिथे किनाऱ्याला समांतर वाहतो, पृष्ठभागावरचं पाणी बाजूला ढकलतो, खालून गार पाणी वर येतं, त्यावरून जाणारी हवा थंड होऊन धुकं बनते आणि ढग फार उंच वाढत नाहीत. हे एकदा कळलं की मुलगा सह्याद्रीकडे वेगळ्या नजरेने बघतो, मी बघितलंय ते. अरबी घोडे आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझ बंदरातून गोव्याच्या बंदरात उतरायचे आणि घाट चढून विजयनगरला जायचे. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने आधी १५०७ ला होर्मुझ गाठलं, गोवा १५१० ला, आणि १५१५ ला होर्मुझहूनच परत येताना इथल्या बंदराच्या तोंडाशी तो मेला. मुलांचे डोळे सगळ्यात जास्त कशाने विस्फारायचे तर पैशांनी. १९६० साली दुबईत रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी छापलेले रुपये चालत होते, आणि आपल्या गोव्यात पोर्तुगीजांचे एस्कुदो! आजोबांना विचारून या म्हटलं की दुसऱ्या दिवशी एकदोघं नाणं घेऊनच यायची.

तर युनिट चांगलं होतं, त्याबद्दल मी कुणाचं ऐकून घेणार नाही.

२०१९ ची बॅच. एक मुलगा, शांत, दुसऱ्या बाकावर भिंतीकडे बसणारा. वडील आधी खाणीवर ट्रक चालवायचे. त्याने धागा शारजाला बांधला. सगळ्यांच्या पिना देशाच्या मधोमध कुठेतरी, याची मात्र बरोबर किनाऱ्यावर, ॲटलास उघडून, पट्टी लावून. त्याचं वर्कशीट मला अजून तोंडपाठ आहे. प्रश्न ४ ला लिहिलं होतं, "बाबांनी काल ८ वाजता फोन केला, तेव्हा आमच्याकडे साडेनऊ." आणि खाली, कुणी विचारलं नसताना, त्याने रेखांशाचा हिशेब मांडला होता. शारजा ५५.४, डिचोली ७४ च्या जवळ, फरक साडेअठरा अंश, गुणिले ४ मिनिटं, म्हणजे सूर्य १ तास १४ मिनिटं मागे. मग घड्याळ दीड तास मागे कसं? असा प्रश्न लिहून पुढे मोठं प्रश्नचिन्ह. इतक्या वर्षांत हा प्रश्न स्वतःहून विचारणारा पहिला मुलगा. मी अख्खा तास त्यावर घेतला, भारताची वेळ ८२.५ रेखांशावरून ठरते, त्यांची ६० वरून, सगळं फळ्यावर मांडलं आणि त्याला उभं करून बोलायला लावलं. तो बोलला. तिथे आता हवा गार झालीय, बाबांच्या रूममध्ये सहा जण आहेत, शुक्रवारी सुट्टी असते. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी वहीत तीन वेळा "उत्तम" लिहिलं.

डिसेंबरात पालकांना बोलावलं होतं. नकाशासमोर गर्दी. त्याची आई सगळे जाईपर्यंत थांबली. मग जवळ येऊन तिने त्या धाग्याला बोट लावलं, पिनेपासून डिचोलीपर्यंत हळूच फिरवलं, आणि विचारलं हा याने बांधला का. मी कौतुक सुरू केलं, रेखांश, टाळ्या, सगळं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, ते चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधीच परत आलेत. कंपनीने चार महिने पगार दिला नव्हता, एजंटचे पैसे अजून फिटायचे आहेत, गावात पैसे मागायला येणारे, म्हणून महाराष्ट्रात बांद्याला नणंदेकडे राहतात. गावात सांगितलंय की शारजातच आहेत. चवथीला घरात गणपतीवर टांगायची रानफळांची माटोळी बांधली ती याने आणि मामाने.

म्हणजे नोव्हेंबरातला तो "काल ८ वाजता" आलेला फोन बांद्याहून होता. सीमेपलीकडून, इथून तासाभराच्या वाटेवरून. आणि या पोराने तो दीड तास मागे नेऊन लिहिला होता, कारण टीचरने तसा प्रश्न घातला होता.

मी घाईघाईने पिन काढायला हात वर केला. तिने माझा हात धरला. "काडूं नाकात टीचर, रावूं दियात." काढू नका, राहू द्या. धागा गेला तर सगळी विचारतील ना.

मग तो तसाच राहिला. मार्चमध्ये लॉकडाऊन लागून शाळा बंद होईपर्यंत मी रोज त्या नकाशासमोर उभी राहून शिकवत होते, आणि तो दुसऱ्या बाकावरून बघत होता. मला कळलंय हे त्याला कळलं होतं का? ते मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नाही हेही ठरत नाही.

तेव्हाची मी म्हणायची की मुलांच्या घरातून भूगोल सुरू करा, मग तो त्यांचा होतो. शिक्षकांच्या बैठकीत मी हे ठासून बोललेय. आता त्या तेव्हाच्या मला विचारावंसं वाटतं, बाई, घरात काय चाललंय ते तुला सांगायला मुलं बांधील आहेत का? मार्कांसाठी? पण ती मी गप्प बसत नाही. ती म्हणते, त्या मुलाने रेखांश शिकला तो त्या धाग्यामुळेच, खोटा असला तरी. शारजाची हवा, घड्याळ, किनारा हे त्याने एवढ्या काळजीने कशासाठी शोधलं? बाप तिथे आहे हे टिकवायला. यावर माझ्याकडे उत्तर नाही. आणि उरलेल्या दहा-अकरा मुलांना तो नकाशा खरोखर आवडायचा, एक मुलगी रोज येऊन बहरीनची पिन नुसती चाचपून जायची, तिचंही मी काढूनच घेतलं.

काही जणी म्हणतात, ऐच्छिक ठेवा, ज्याला बांधायचा तो बांधेल. पण लहान गाव, छोटा वर्ग, ज्याने बांधला नाही त्याचा न बांधलेला धागा सगळ्यांना दिसतो.

आता युनिट मी वाऱ्यापासून सुरू करते. सलाला, घोडे, मोती. जपानचे कल्चर मोती बाजारात आले आणि १९३० नंतर बहरीन-कुवेतच्या, बुडी मारून मोती काढणाऱ्या पाणबुड्यांचा धंदा कसा बसला ते, मग १९३२ ला बहरीनला तेल, १९३८ ला कुवेत आणि सौदीला. एक धंदा बसला की माणसं कुठे जातात, हा प्रश्न मी त्या पाणबुड्यांबद्दल विचारते. खाणींचं नाव मी काढत नाही. मुलं काढतात कधीकधी, आणि मग वर्ग एकदम शांत होतो, मी पुढे ढकलत नाही, थांबते. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने हात वर करून सांगितलं की तिचे पप्पा सलालालाच आहेत आणि धुक्यातला व्हिडिओ पाठवलाय. मी म्हटलं छान. दाखव म्हणाले नाही. तिचा चेहरा उतरला तो मला दिसला.

वर्कशीट ज्यांनी मागितलंय त्यांना पाठवतेय. वेळेच्या फरकाचं उदाहरण मी मस्कतच्या विमानाच्या टाइमटेबलावर घेतलंय, ते थोडं कोरडं आहे, मुलं पटकन सोडवून मोकळी होतात, दीड तासाचा तो प्रश्न परत कुणी विचारलेला नाही. प्रश्न ४ ची जागा रिकामी आहे, तिथे काय घालायचं ते मला अजून सुचलेलं नाही, तुम्हाला सुचलं तर कळवा.