जिन्यात कोणी धावत नाही

फायर ड्रिलची नोटीस लागली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी हमखास लिहितं, खरी आग लागली तर लोक पॅनिक होऊन एकमेकांना तुडवतील, ड्रिलचा काय उपयोग. मला हे दरवेळी खटकतं. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या त्या दोन टॉवरच्या जिन्यांमधे काय झालं ते अमेरिकन सरकारच्या निस्ट या मोजमाप-मानकांच्या संस्थेने वाचलेल्या हजारावर लोकांशी बोलून नोंदवलंय, आणि त्यात तुडवातुडवी जवळपास नाहीच, रांग आहे, तीही बरीच शहाण्यासारखी. जखमी माणूस वरून येतोय म्हटलं की लोक एका बाजूला सरकत होते.

पण रांग हळू होती. उत्तर टॉवरला ८:४६ ला विमान धडकलं, १०:२८ ला तो पडला, म्हणजे १०२ मिनिटं. वाचलेल्यांना एक मजला उतरायला सरासरी ४८ सेकंद लागले! गणित करा, ९० मजले म्हणजे ७२ मिनिटं. साध्या ड्रिलमधे जो सगळ्यात कमी वेग मोजला गेलाय त्याच्याही निम्मा वेग हा.

का, तर जिने तीन, त्यातले दोन ४४ इंची आणि एक ५६ इंची. जुना हिशोब असा की एका माणसाला २२ इंच, म्हणजे ४४ मधे दोघं शेजारी-शेजारी मजेत उतरतील. कॅनडात जेक पॉल्स नावाच्या माणसाने खऱ्या ड्रिल बघून हा हिशोब खोटा पाडला, माणूस उतरताना डावी-उजवीकडे डुलतो, भिंतीला खांदा घासू नये म्हणून दोन्ही बाजूंनी साधारण सहा-सहा इंच सोडतो, मग ४४ मधले उरले ३२. दोघं शेजारी मावतच नाहीत, एक थोडा पुढे एक थोडा मागे असे तिरके उतरतात. त्यात खालून जड सामान घेऊन फायरब्रिगेडवाले वर चढतायत, कोणी दम लागून कठड्याला टेकलाय, आणि प्रत्येक मजल्याच्या दारातून नवी माणसं रांगेत घुसतायत. खालच्या मजल्यावरच्याला आत घेतलं की वरची अख्खी रांग थांबते, आणि वरच्यांना कळतही नाही का थांबलोय ते.

आणि जिन्यापर्यंत पोचायच्या आधीच वेळ जातो. लोकांनी कॉम्प्युटर बंद केले, पर्स घेतली, फोन केले. दक्षिण टॉवरमधे तर नऊच्या सुमाराला अनाऊन्समेंट झाली की इमारत सुरक्षित आहे, आपापल्या जागी परत जा, आणि ९:०३ ला दुसरं विमान तिथेच आदळलं. जे ऐकून न ऐकल्यासारखं करून उतरत राहिले ते वाचले, म्हणून म्हणतो घाबरण्याची मला फारशी भीती वाटत नाही, थंडपणाची वाटते.

टॉवर त्या सकाळी निम्मेसुद्धा भरले नव्हते, लवकरची वेळ, त्यात शहरात निवडणुकीचं मतदान. भरलेले असते तर अंदाजे १४,००० माणसं उतरू शकली नसती असं निस्टचंच म्हणणं. नंतर तिथल्या नियमांत ४२० फुटांपेक्षा उंच ऑफिस-इमारतींना जादा जिना आला, अंधारात चमकणाऱ्या पट्ट्या आल्या (या टॉवरमधे त्या १९९३ च्या बॉम्बस्फोटानंतरच लावल्या होत्या, आणि उपयोगी पडल्या).

आमच्याकडे जिन्याच्या लँडिंगवर चपलांचे स्टँड, एक सायकल, फायर डोअरला विटेचा टेकू म्हणजे धूर यायला मोकळी वाट. रेफ्युज एरियात, म्हणजे आग लागली तर थांबायला मोकळी ठेवलेली जागा, तिथे कोणाचा तरी जुना सोफा. पॉल्सच्या हिशोबाने उरलेल्या इंचांतून हेही वजा करा.

यंदाच्या ड्रिलची वेळ सकाळी ११, म्हणजे ऑफिसवाले नाहीत, पोरं शाळेत, उतरणार कोण तर दोन-चार आजोबा आणि कामाला येणाऱ्या मावश्या, मग "चार मिनिटांत इमारत रिकामी" असा फोटोसकट मेसेज येईल. रात्री दहाला ठेवा असं लिहिलंय मी ग्रुपवर. दोन अंगठे आलेत, कमिटीचं उत्तर नाही.