झारीतला शुक्राचार्य

आधी कबुली देऊन टाकते. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, रात्री सव्वानऊला, मी चोरून झाडांना पाइपने पाणी घातलं. रात्रीचे सव्वानऊ म्हणजे इथली कातरवेळ. माणूस ओळखू येतो, चेहरा दिसत नाही.

यात चोरी कसली, असं वाटेल तुम्हाला. पण २२ जुलै २०२५पासून आमच्या ऑक्सफर्डमध्ये पाइपबंदी लागली. बागेला पाइप लावायचा नाही, त्याने गाडी धुवायची नाही, पोरांचा रबरी हौद भरायचा नाही. सापडलात तर दंड १००० पाउंडांपर्यंत, म्हणजे आपले लाखाच्या वर. गंमत पुढेच आहे. त्याच नळाखाली झारी धरा, बादली लावा, कितीही खेपा घाला, कोणी विचारणार नाही. नळ तोच, पाणी तेच, झाडंही तीच. पाइप मात्र गुन्हेगार!

मी गिरगावातल्या चाळीत वाढले. पहाटे साडेचारला "पाणी आलंऽऽ" अशी आरोळी उठली की डोळे मिटलेलेच ठेवून पिंपाखाली कळशी सरकवणारी ही जमात. २०२४च्या जूनमध्ये मुंबईत १० टक्के पाणीकपात होती, तेव्हा आईने फोनवर ते भाजीच्या भावाइतक्या सहज सांगितलं होतं. आमच्याकडे सात तलावांची टक्केवारी पेपरात छापून येते. भातसा, तानसा, मोडकसागर ही नावं आम्हाला मामा-काकांसारखी. विहार तलाव तर १८६० सालचा. आणि इथे ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी बाई बंदीच्या दुसऱ्या दिवशी हायड्रेंजियाच्या फुलझाडांविषयी असं बोलत होती, जणू घरात कोणी आयसीयूत आहे. मी मनातल्या मनात हसले. तुम्हाला पाणीटंचाई शिकवायला आम्ही आलो पाहिजे, असंही वाटून गेलं. आता खोटं कशाला बोलू?

पण यंदा उन्हाळा खराच होता. सप्टेंबर लागताच इथल्या हवामान खात्याने जाहीर केलं की १८८४ पासूनच्या नोंदींमधला हा सर्वात गरम उन्हाळा. सरासरी १६.१० अंश. आकडा ऐकून आई इतकी हसली की तिला ठसका लागला. "सोळा? मग इथून शाल पाठवू का?" रात्रंदिवस धरून, स्कॉटलंडच्या टोकापर्यंतची ती सरासरी आहे हे समजावण्यात माझी दहा मिनिटं गेली. घरात पंखा नाही, भिंती थंडी अडवायला बांधलेल्या, हेही सांगितलं. पटलं नाही तिला. तिच्याकडे उलटीच तऱ्हा. नेहमीची तारीख ११ जून, आणि यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल. ऐन मोहरातला गुलमोहर झोडपून निघाला. चाळ पाडल्यावर ती गोरेगावात चौदाव्या मजल्यावर गेली आहे. वरून पाहिलं की गुलमोहर म्हणजे नुसता लाल ढीग, पान म्हणून दिसत नाही. एरवी मे संपेपर्यंत हा ढीग पुरवून बघायची तिला सवय.

आमचा रोजचा वाचनवर्ग याच उन्हाळ्यात सुरू झाला. माझे सकाळचे साडेसहा म्हणजे तिचे अकरा. ती भाजी निवडत असते, मी चहा घेऊन मागच्या दारी पायरीवर. वाचनालयातून बागेवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं आहे. समोर जे फुललेलं असेल तेवढंच पान काढायचं, मोठ्याने वाचायचं आणि जमेल तसं मराठीत सांगायचं. मेअखेर फॉक्सग्लव्ह. पहिल्या वर्षी नुसती पानं, दुसऱ्या वर्षी तुरा आणि मग खेळ खलास. हृदयविकाराचं डिजिटॅलिस नावाचं औषध त्याच जातीतून येतं, म्हटल्यावर आईने निवडायची मेथी बाजूला ठेवून नीट ऐकलं. जूनमध्ये लॅव्हेंडर, त्याचं पान आम्ही दोन दिवसांत उरकलं. साबणासारखा वास येतो, एवढंच मत पडलं. जुलैपासून स्वीट पी.

स्वीट पीवर आम्ही सतरा दिवस घालवले. वाटाण्याच्या कुळातली वेल. फूल म्हणजे सुरकुतलेल्या रेशमाची घडी. वासासाठी मला एकच तुलना सुचते, पण मोगऱ्याचा अपमान नको. १६९९ साली सिसिलीतल्या कुपानी नावाच्या साधूने तिचं बी इंग्लंडला धाडलं, तेव्हापासून ती इथे आहे. नियम एकच: फुलं रोज कापायची. एकदा शेंग धरली की वेलीला वाटतं काम झालं, आणि ती फुलायची थांबते. आई म्हणाली, "शेंगांची भाजी होते का?" नाही गं, बिया विषारी असतात. "मग काय उपयोग?" माझ्या आईचं वनस्पतिशास्त्र इथे सुरू होतं आणि इथेच संपतं.

तर त्या कातरवेळी हीच वेल मान टाकून उभी होती. दिवसभर ऑफिस, परत येताना बस चुकलेली, आणि आमच्याकडे झारी नव्हतीच. भांडी घासायच्या बादलीने पाणी घातलं की माती उडते, मुळं उघडी पडतात. ही सबब नाही, खरंच उडते. मी पाइप लावला. चार मिनिटं, फार तर पाच. पाइपमधून तासाला साधारण हजार लिटर पाणी जातं म्हणे, म्हणजे माझे झाले सत्तर-ऐंशी. मुंबईत माणशी दिवसाला १३५ लिटरचा हिशेब धरतात, त्याच्या निम्म्याहून जास्त. हा हिशेब अर्थात मी नंतर केला.

कुंपणापलीकडे शेजारचे आजोबा उभे होते. इथे ऐंशीच्या माणसालाही नावाने हाक मारायची पद्धत आहे. मला पाच वर्षांत ते जमलेलं नाही, मनात ते आजोबाच. छताचं पाणी साठवायचं त्यांचं पिंप जुलैतच तळाला गेलं होतं, तरी संध्याकाळी हळूहळू खेपा घालताना दिसायचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, छान हवा आहे असं काहीतरी म्हणाले आणि आत गेले.

सकाळी दारात एक झारी. पत्र्याची, जुनी, मूठ झिजून चकचकीत झालेली. चिठ्ठी नाही.

या झारीने मला आठवडाभर छळलं. हा टोमणा होता की माया? आपल्याकडे सगळं सोपं असतं. आईच्या खालच्या मजल्यावर कुंड्यांचं पाणी वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकलं, तर दहा मिनिटांत सोसायटीच्या ग्रुपवर ग्रिलचा फोटो, लाल गोल काढून. मग दोन दिवस बोलाचाली आणि गणपतीत पुन्हा मोदकांची देवाणघेवाण. माणूस काय म्हणतोय ते तरी कळतं! इथे एक पत्र्याची वस्तू ठेवून जातात आणि अर्थ तुमचा तुम्ही लावा. नवरा म्हणाला, "म्हाताऱ्याला तक्रार करायची असती तर केली असती." तो असंच म्हणणार. पाइप त्याने विकत आणला होता.

तिसऱ्या दिवशी झारीतून पाणीच येईना. तोंडाची जाळी काढून पाहिली तर आत एक कुजकं पान आडवं बसलेलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "शुक्राचार्य गं! दर्भाने टोच." दर्भ कुठून आणू, खराट्याचा हीरही नाही इथे. शेवटी उदबत्तीची काडी चालली. आणि फटीतून बारीक धारा सुटल्या, तेव्हा पहिल्यांदा कळलं की पाणी किती हलकं पडू शकतं. माती हललीसुद्धा नाही. वेलीला दोन झाऱ्या पुरल्या, वीसएक लिटर.

झारी परत करायला गेले तेव्हा आजोबा म्हणाले, ठेवून घे, माझ्याकडे आणखी तीन आहेत. आईला हे मंजूर नाही. परक्याचं भांडं घरात राहू देऊ नये, आणि द्यायचं तर रिकामं देऊ नये. पण झारीत भरून काय देणार, चिवडा?

हे लिहितेय तेव्हा २०२५चा सप्टेंबर लागला आहे. बंदी अजून उठलेली नाही, लॉन खाकी पडलंय. स्वीट पीची फुलं कापणं मी मुद्दाम थांबवलं आहे, आता शेंगा धरल्या आहेत. दुपारच्या उन्हात एखादी तडकते आणि पायरीवर काळे गोल दाणे उडतात. ते मी वाटीत वेचून ठेवते. पाव वाटी झाली. रोज अकराला आई विचारते, "दिलीस का झारी?"

वाटी भरू दे, म्हणते मी.