आप्पांची मूठ आणि रिपोर्टचे आकडे

आज सकाळी निफाडच्या आमच्या द्राक्षबागेत सल्लागार साहेब आले होते. हातात माती परीक्षणाचा रिपोर्ट: सामू (पीएच) ८.३, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, मुक्त चुना १२ टक्क्यांच्या वर. आप्पांनी कागदाकडे पाहिलंच नाही. वाकून वेलींखालच्या बेडवरची (गादीवाफ्यावरची) मूठभर माती उचलली, दाबली आणि म्हणाले, "साहेब, पूर्वी हिला वास यायचा. पाऊस पडला की गांडुळं वर यायची. आता ढेकूळ फुटत नाही."

साहेब क्षणभर थांबले. मग म्हणाले, "आप्पा, कर्ब ०.३८ म्हणजे तेच. मातीतला जीव कमी झालाय."

मला हे फार भिडलं. एकाचं ज्ञान हातात, दुसऱ्याचं कागदावर, आणि दोघं बोलत होते एकाच आजाराबद्दल! पिवळ्या शेंड्यांवर उपाय म्हणून आम्ही दरवर्षी लोह देणारं फेरस सल्फेट सोडतो, पण चुनखडीच्या जमिनीत ते मुळाला लागण्याआधीच अडकून बसतं. स्फुरदाचंही (फॉस्फरस) तेच. पोती ओतली तरी वेल उपाशी.

मग खड्डा घेतला. अन्न-पाणी शोषणारी पांढरी मुळी जेमतेम वीतभर खोल, सगळी ड्रिपरभोवती गोळा झालेली. आप्पा बराच वेळ तिथेच बसून राहिले.

ठरलंय असं: यंदा दोन ओळींमध्ये हिरवळीच्या खतासाठी ताग पेरायचा, फुलावर येताच गाडायचा. खरड छाटणीच्या (एप्रिलमधल्या छाटणीच्या) काड्या बांधावर जाळायच्या नाहीत, कुट्टी करून बेडवरच टाकायच्या. काड्या जाळायचं बंद करायला आप्पा एका शब्दात तयार होतील, असं मला वाटलं नव्हतं. संध्याकाळी त्यांनीच तागाच्या बियाण्याची चौकशी केली.