तुम्ही विचारलंत म्हणून: साठाव्या सेकंदाचा सांधा

ध्वनिमुद्रणाचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो. बीटल्सच्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर’मध्ये वेगळ्या पट्टीतले, वेगळ्या लयीतले दोन टेक (एकाच गाण्याची स्वतंत्र मुद्रणं) जोडलेत म्हणतात, ते खरं का? आणि संगणक नसताना हे जमलं कसं?

खरं आहे. गाणं सुरू झाल्यापासून साधारण साठाव्या सेकंदाला, ध्रुवपद दुसऱ्यांदा येतं तेव्हा, ‘गोइंग’ या शब्दाच्या तोंडाशी हा सांधा आहे. त्याच्या अलीकडे सातवा टेक, पलीकडे सव्विसावा.

लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत २४ नोव्हेंबर १९६६ला या गाण्याचं काम सुरू झालं. सातवा टेक निवांत आहे: सुरुवातीला मेलोट्रॉनवरची बासरी (या वाद्याच्या प्रत्येक कळीखाली जेमतेम आठ सेकंदांची फीत असते, तेवढ्यात सूर सोडावाच लागतो), मग गिटार आणि ड्रम्स. पुढे गायक जॉन लेननला आणखी दणकट काहीतरी हवंसं वाटलं. नव्यानं वाजवलेल्या पंधराव्या टेकचा मोठा भाग आणि चोविसाव्याचा शेवट जोडून घेतला. त्यावर १५ डिसेंबरला चार ट्रम्पेट आणि तीन चेलो चढले. यंत्र चारच ट्रॅकचं, म्हणून आधीचं सगळं पुन्हा कमी ट्रॅकवर उतरवून जागा करायची. दर उतरवणीला फितीची सळसळ थोडी वाढते. असा सव्विसावा टेक तयार झाला. म्हणजे प्रसिद्ध जोड होण्याआधीच त्याच्या पोटात एक जोड होता. हे सहसा कुणी सांगत नाही.

लेननला एकाची सुरुवात आवडली, दुसऱ्याचा शेवट. निर्माता जॉर्ज मार्टिननं सांगितलं की पट्टी जुळत नाही आणि लयही जुळत नाही. ते तुम्ही निस्तरा, अशा अर्थाचं उत्तर मिळालं.

इथे नशीब कामाला आलं, पण नेमकं कुठे ते नीट पाहायला हवं. फीत सावकाश फिरवली की लय उतरते आणि सूरही उतरतो, दोन्ही एकाच प्रमाणात. एकाला हात न लावता दुसरं बदलायची तेव्हा सोय नव्हती. सव्विसावा टेक जलद होता आणि पट्टीही वरची. तो जलद असून खालच्या पट्टीत असता तर खेळ तिथेच संपला असता. मार्टिनच्या सांगण्यानुसार फरक अर्ध्या सुराचा होता, म्हणजे पेटीवर काळी एक आणि पांढरी दोन यांच्यात असतो तेवढा. अर्धा सूर म्हणजे वेगात ५.९ टक्के. एक टेक मिनिटाला ९२ ठोक्यांचा धरला, तर दुसरा साडेसत्त्याण्णवच्या आसपास असेल तरच दोन्ही गणितं एकदम सुटतात.

२२ डिसेंबरला मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक कामाला बसले. एमरिकला एकविसावं वर्ष पुरं होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. दोन्ही टेकचे मोनो मिक्स (सगळे ट्रॅक एकाच वाहिनीत मिसळून) आधी वेगवेगळे उतरवले, आणि वेगाची फिरवाफिरवी तेव्हाच केली: मार्टिनच्या म्हणण्याप्रमाणे पहिला किंचित पळवला, दुसरा संथ केला. फीत ओढणारी मोटर विजेच्या सायकलवर (दर सेकंदाच्या आवर्तनांवर) चाले. ब्रिटनची वीज ५० सायकलची. तिच्याऐवजी ऑसिलेटर आणि ॲम्प्लिफायरमधून ४७.२ सायकल दिल्या की पट्टी बरोब्बर अर्ध्या सुरानं खाली. मिक्स तयार झाल्यावर उरलं ते कापणं आणि चिकटवणं.

रिळं हातानं पुढंमागं हलवत शब्दाची सुरुवात हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) आणायची, मेणाच्या पेन्सिलीनं फितीच्या पाठीवर खूण करायची, दुसऱ्या फितीवरही तसंच, आणि मग काप. पातं चुंबकीय झालेलं असेल तर जोडावर ‘टिक’ ऐकू येते, म्हणून पितळी कात्री किंवा डीमॅग्नेटाइज केलेलं ब्लेड. टोकांमध्ये केसाएवढी फट राहिली तर आवाज क्षणभर बुडतो. साध्या सेलोटेपचा डिंक काही दिवसांनी बाहेर झिरपतो आणि रिळाचे थर एकमेकांना धरतात. त्याला स्प्लायसिंग टेपच लागते.

काप तिरका का घ्यायचा? पाव इंची फीत सेकंदाला १५ इंच धावते. ४५ अंशांत कापली तर एक आवाज जाऊन दुसरा यायला सेकंदाचा साठावा भाग मिळतो. एमरिकनं नेहमीपेक्षा बराच निमुळता काप घेतला, म्हणजे ही देवाणघेवाण आणखी लांबली. मोनोत हे चालून जातं. स्टिरिओ फितीवर इतका तिरका काप घेतला तर एक कान आधी बदलतो, दुसरा मागून, आणि आवाज डोक्यात आडवा सरकल्यासारखा वाटतो.

घरी करून पाहायचं असेल तर संगणकावर ऑडॅसिटी हे आवाज संपादित करायचं सॉफ्टवेअर पुरे. ‘टेम्पो’ किंवा ‘पिच’ वेगवेगळे बदलणारे इफेक्ट वापरू नका, दोन्ही एकत्र बदलणारा ‘स्पीड’ घ्या. हमखास होणारी चूक अशी: अर्धा सूर चढवायला ५.९५ टक्के, म्हणून उतरवायलाही तेवढेच घालतात. उतरवताना ५.६१ लागतात, ५.९५ घातले तर सूर सहा सेंट (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) जास्त उतरतो, आणि सांध्यावर ते कानाला खुपतं. त्याहून बरं म्हणजे ओझं वाटून घ्यावं: एक टेक २.९३ टक्क्यांनी वर, दुसरा २.८५नं खाली. मग वीसेक मिलिसेकंदांचा क्रॉसफेड, म्हणजे एक आवाज विरत असताना दुसरा चढवणं. जागा मात्र शब्दाच्या आघातावर निवडा. लांबवलेल्या स्वरावर जोडलं तर कुठलाही क्रॉसफेड वाचवत नाही.

या ओढाताणीचा परिणाम असा की गाणं कुठल्याच पट्टीत धड बसत नाही. पेटीवर धरायला गेलात तर पांढरी सहा कमी पडते, काळी पाच जास्त होते.

सांधा ऐकायचा असेल तर हेडफोन लावून शब्दांकडे दुर्लक्ष करा आणि लेननच्या आवाजाचा पोत ऐका. साठाव्या सेकंदानंतर तो जाड, पेंगुळलेला होतो, कारण संथ फितीनं नुसता सूर नाही, घशाचा घुमारच खाली आणलाय. मागे चेलो लागतात. आणि थोड्याच वेळात आपल्या ओळखीचं स्वरमंडल झरझर उतरतं. ते बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनचं.