आमची वाटचाल : अंतरपाट, होमकुंड आणि झाडू

अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मंडप भाड्याने देणारे पुष्कळ. पण मुलगी मराठी आणि मुलगा कृष्णवर्णीय अमेरिकन असला की फोन आमच्याकडेच येतो. याचं श्रेय न्यूअर्कच्या आमच्या पहिल्या भागीदारीणबाईंना. त्या फुलांच्या धंद्यातल्या. मुंडावळ्या गुंफायला त्या माझ्याकडून शिकल्या, लग्नाचा झाडू बांधायला मी त्यांच्याकडून.

त्या झाडूवरच आमचं नाव झालं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. गुलामगिरीत कृष्णवर्णीयांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती. चारचौघांसमोर जोडीने झाडूवरून उडी मारली की ते नवरा-बायको. आजही अनेक घरांत ही रीत अभिमानाने होते. आपल्याकडे मात्र केरसुणी म्हणजे लक्ष्मी. आमच्या पहिल्याच अशा लग्नात सोलापूरच्या वधूमाय अडून बसल्या, "लक्ष्मी ओलांडायची? मुळीच नाही." मुलाची आजी गप्प झाली. भागीदारीणबाईंनी काही न बोलता झाडू काकूंच्या हातात दिला. तो ब्रूमकॉर्नचा, म्हणजे ज्वारीच्याच जातीच्या तुऱ्यांचा. सोलापूरच्या बाईला ज्वारी ओळखायला कितीसा वेळ! काकूंनी स्वतः झाडूला हळदकुंकू वाहिलं, आजीकडून त्याची हकिकत ऐकून घेतली आणि सप्तपदीनंतर दोघांनी उडी मारली. पुढे काकूंच्या नात्यातली, ओळखीतली किती लग्नं आमच्याकडे आली!

मग एक मोठा डेकोरेटर आला. आमच्याच एका लग्नात पाहुणा म्हणून फिरून त्याने फोटो काढले आणि पुढच्या मोसमात आमचा मंडप त्याच्या कॅटलॉगात 'फ्युजन पॅकेज' म्हणून झळकला. दर आमच्यापेक्षा कमी. झाडू प्लॅस्टिकचा, तोही दाराशी चपलांजवळ ठेवलेला! हॉलवाल्यांनी त्याला आपल्या यादीत घातलं आणि आम्हाला सांगितलं, बाहेरचा डेकोरेटर चालणार नाही. ज्या हॉलच्या मॅनेजरला होमकुंडाखाली वाळूचा ट्रे कसा ठेवायचा हे आम्ही शिकवलं, त्याच हॉलने! हे मी विसरलेले नाही. त्याने पैसे मिळवले याचं दुःख नाही. ज्या रीतीमागे एवढा छळ सोसलेली माणसं आहेत, ती त्याने शोभेची वस्तू केली, याचा राग आहे.

त्यातून सावरत होतो तोच 21 मार्च 2020 ला गव्हर्नरांचा आदेश निघाला आणि लग्नसमारंभ बंद झाले. घेतलेले ॲडव्हान्स आम्ही सगळे परत केले. त्यासाठी व्हॅन विकली. भागीदारीणबाई लेकीकडे अटलांटाला गेल्या. गोदामाचं भाडं थकलं. तेव्हा काकूंचा फोन आला: भाचीचं लग्न, घरामागच्या अंगणात, मोजकी माणसं. आमचा घडीचा मंडप आणि काकूंच्या घरचा, हळदीने स्वस्तिक काढलेला अंतरपाट. उघड्यावर धुराचा अलार्मही नाही. त्या लग्नाचे फोटो पाहून अंगणातली कामं येऊ लागली, आणि गोदाम वाचलं.

आता लग्न ठरवणाऱ्यांना चार गोष्टी सांगतेच. न्यू जर्सीत अर्ज केल्यावर 72 तासांनी मॅरेज लायसन्स मिळतं; मुहूर्ताच्या आदल्या दिवशी धावू नका. होमाची परवानगी गावाच्या फायर ऑफिसकडून लेखी घ्या, हॉलवाल्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. अक्षता लाकडी डान्स फ्लोअरवर पडल्या की पाय घसरतात, म्हणून उडीची जागा आधी झाडून घ्या. आणि नवरीने नऊवारी नेसावी. काष्ट्यात उडी छान जमते, सहावारीत निऱ्या पायात येतात.

भागीदारीणबाई अटलांटाहून अजूनही झाडू बांधून पाठवतात. दांड्याला अर्धी रिबन त्या लावतात, उरलेल्या अर्ध्यावर मी पैठणीचा काठ शिवते. या मोसमाचे झाडू येऊन पोचलेत, काठ निवडायला काकू शनिवारी येणार आहेत.